जळाला तो दोषी नव्हे

मी आयुष्यभर जालना जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत मुलांस इतिहास शिकविला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे अध्यापनाची पदविका. यंत्रशास्त्राचा मी विद्यार्थी नव्हे. असे असता आज मी आपल्यापुढे बोलणार आहे तो घरगुती ध्वनिवर्धकातील, म्हणजे ज्यास आपण ॲम्प्लिफायर म्हणतो त्या यंत्रातील, जळालेल्या ट्रान्झिस्टरविषयी. विषय पाहून कोणी म्हणेल की गुरुजींनी निवृत्तीनंतर धंदा बदललेला दिसतो! तसे नाही. ह्या लहानशा वस्तूस स्वतःचा इतिहास आहे, आणि ती जळाली असता तिच्या जळण्याचे कारण शोधणे हेही इतिहाससंशोधनाचेच काम आहे, असा मला अनुभव आला. तो अनुभव मी क्रमाने सांगतो.

प्रथम मूळ प्रश्न असा की, क्षीण आवाज मोठा करावयाचा कसा? तारेतून येणारा आवाजाचा विद्युत्प्रवाह फार दुबळा असतो. त्याच्याने कर्ण्याचा पडदा हलत नाही. तेव्हा त्या दुबळ्या प्रवाहाच्या हुकुमाप्रमाणे चालणारा दुसरा बलवान प्रवाह हवा. पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. दार फिरविणारा हात एका लहान मुलाचाही चालतो, परंतु त्या दारातून वाहणारे पाणी सारे शेत भिजविते. हाताचा जोर पाण्यात मिसळत नाही. हात केवळ हुकूम देतो. ध्वनिवर्धनाचे सारे रहस्य ह्या दारात आहे.

असे पहिले दार मनुष्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सापडले. इंग्लंडात फ्लेमिंग ह्याने १९०४ साली दोन अग्रांची निर्वात नळी केली. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट ह्याने १९०६ साली तीत तिसरे अग्र घातले. हे तिसरे अग्र म्हणजेच आपले पाटाचे दार. ह्या नळीस आपल्याकडील लोक व्हाल्व्ह म्हणत. पुढे १९२५ साली राइस आणि केलॉग ह्या दोघा अमेरिकन यंत्रज्ञांनी लोहचुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा कर्णा सिद्ध केला, आणि त्याच जातीचा कर्णा आजही आपल्या घरातील पेटीत बसविलेला असतो. दार झाले, शेत झाले. नभोवाणीचे युग सुरू झाले. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी उघडले.

आमचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. जालना हे जिल्ह्याचे ठिकाण झाले ते फार पुढे, १ मे १९८१ रोजी. तेव्हा ते औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आधिपत्याखाली होते. हैदराबादेत डेक्कन रेडिओ चालत असे, आणि निजामाच्या राज्यातील दुसरे केंद्र औरंगाबादेस होते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या वाट्यास सहा केंद्रे आली, आणि संस्थानिकांच्या हाती पाच होती. त्या पाचांत हैदराबाद व औरंगाबाद ही दोन. खेड्यात मात्र वीज नव्हती. ज्या थोड्या घरी किंवा दुकानी रेडिओ असे, तेथे तो मोठाल्या बॅटऱ्यांवर चालवीत, आणि कळ दाबल्यावर नळ्या तापून आवाज फुटेपर्यंत भोवतालची मंडळी श्वास रोखून बसत.

आता तारखांचा एक योगायोग पाहा. १९४७ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन ह्यांनी जर्मेनियम नावाच्या पदार्थाच्या एका तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवून क्षीण प्रवाह मोठा करून दाखविला. तेथे निर्वात नळी नव्हती, तापणारी तार नव्हती. ह्या दाराचे नाव ट्रान्झिस्टर ठेवण्यात आले. त्यांचा सहकारी विल्यम शॉकली ह्याने लागलीच त्याचा अधिक टिकाऊ प्रकार योजिला. ३० जून १९४८ रोजी हा शोध जगापुढे मांडला गेला, आणि १९५६ साली ह्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ च्या जून महिन्यात आमच्या मराठवाड्यात लोक काय सोशीत होते, हे येथील जुन्या माणसांस सांगावयास नको. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भारताचे सैन्य संस्थानात शिरले, आणि १७ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरूनच शस्त्रसंधी जाहीर केली. ती वार्ता जुन्या निर्वात नळ्यांनीच लोकांच्या कानी घातली. त्यांचा वारस मात्र सातासमुद्रापलीकडे जन्मास येऊन चुकला होता.

ह्या वारसाच्या अंगी आरंभी एक मोठा दोष होता. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापला की त्यातून अधिक प्रवाह गळतो. अधिक प्रवाह गळला की तो अधिक तापतो. आणि अधिक तापला की आणखी गळतो. कर्जाचे व्याज भागविण्याकरिता पुन्हा कर्ज काढणाऱ्या कुळाची जी गती, तीच त्याची होई. ह्यावर उतारा म्हणून सिलिकॉन हा पदार्थ पुढे आला. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ह्या अमेरिकन कंपनीने १९५४ साली सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बाजारात आणिले. जर्मेनियम साधारण शंभर अंशांच्या आतच हात टेकतो. सिलिकॉन दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तग धरतो. व्याजाचे दुष्टचक्र सिलिकॉनमध्येही असते, परंतु ते उशिरा सुरू होते, एवढाच भेद. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आर.सी.ए. ह्या कंपनीने २एन३०५५ ह्या क्रमांकाचा एक बलदंड सिलिकॉन ट्रान्झिस्टर काढला. दोन भोके असलेल्या पसरट लोखंडी टोपीसारखा त्याचा आकार. १५ अँपिअर प्रवाह, ६० व्होल्ट दाब आणि अंग थंड ठेवल्यास ११५ वॅट उष्णता सोसण्याची त्याची शक्ती. पुढे अनेक देशांतील कारखानदारांनी तो केला. आपल्याकडे लग्नाच्या मांडवातील, भजनी मंडळातील आणि घरातील कितीतरी ध्वनिवर्धकांत हीच टोपी बसलेली असे. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्या सरकारी कारखान्याने १९६२ साली जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांचे उत्पादन आरंभिले. पाहता पाहता खेड्यात 'ट्रान्झिस्टर' हा शब्द त्या तुकड्याचे नाव न राहता साऱ्या रेडिओचेच नाव होऊन बसला. १९६८ साली परभणीचे केंद्र सुरू झाले. माझ्या लहानपणी गुराख्याच्या खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीत ट्रान्झिस्टर हे दृश्य मी पाहिलेले आहे.

येथवर इतिहास झाला. आता यंत्राच्या पोटात जे घडते ते थोडक्यात सांगितल्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही.

लाकडाच्या वखारीत मोठी करवत चालविणारे दोघे जण आपण पाहिले असतील. एक ह्या टोकास, दुसरा त्या टोकास. दोघेही केवळ ओढतात. ढकलीत कोणीच नाही. एकाने ओढले की दुसऱ्याने सैल सोडावयाचे, मग दुसऱ्याने ओढावयाचे. ध्वनिवर्धकाच्या शेवटच्या टप्प्यात, कर्ण्यास लागून, असेच दोन ट्रान्झिस्टर असतात. आवाजाची लाट वर चढली की एक प्रवाह देतो, खाली उतरली की दुसरा. हेच ते आउटपुट ट्रान्झिस्टर. सर्वांत जड काम त्यांचे, सर्वांत अधिक ताप त्यांस, म्हणूनच त्यांच्या पाठीशी ॲल्युमिनियमचे दातेरी पत्रे, ज्यास हीट सिंक म्हणतात, ते बसवावे लागते.

करवत्यांची आणखी एक खूण ध्यानी घ्या. स्वतःची ओढण्याची पाळी नसतानाही चांगला करवत्या मूठ सोडीत नाही. हलका हात ठेवितो. हात सुटला तर पाळी बदलताना करवत अडखळते. ध्वनिवर्धकातही पाळी बदलताना ट्रान्झिस्टर अगदी बंद असला तर आवाजास खरखर येते. म्हणून दोघांतूनही आवाज नसताना थोडा प्रवाह वाहता ठेवितात. हा हलका हात किती असावा, हे ठरविण्यासाठी निराळा एक लहान ट्रान्झिस्टर असतो. तो हीट सिंकलाच चिकटवितात, म्हणजे थोरले तापले की त्यास ते कळावे आणि त्याने लगाम खेचावा. त्या लगामाची लांबी कमीजास्त करण्यास एक इवलासा फिरता अवरोध असतो. त्यास कारागीर प्रीसेट म्हणतात. हाताच्या बोटाच्या नखाएवढी ती वस्तू. आजच्या माझ्या हकीकतीतील खरे पात्र तेच आहे. परंतु ते आम्हांस शेवटी सापडले.

१९८७ साली मी जालन्यातील एका कारागिराकडून एक ध्वनिवर्धक करवून घेतला. प्रत्येक बाजूस २एन३०५५ ची एक जोडी, अधिक २५ आणि उणे २५ व्होल्टचा दुहेरी पुरवठा, दोन कर्णे, आणि सोबत एक कॅसेट वाजविण्याचे यंत्र. त्या काळी शिक्षकाच्या पगारात ही चैनच होती. पुढच्या वर्षी, १९८८ साली, मराठवाडा मुक्त होऊन चाळीस वर्षे झाली. त्या निमित्ताने मी अंबड तालुक्यातील ज्या खेड्यात शिक्षक होतो, तेथील सत्तरीच्या एका शेतकऱ्यास शाळेत बोलावून त्यांची आठवण कॅसेटवर उतरवून घेतली. गाव त्यांस आबा म्हणे. १९४८ च्या सप्टेंबरात ते मीठ व रॉकेल आणण्यास जालन्यास आले आणि लष्कर आल्यामुळे तेथेच अडकून पडले. एका दुकानापुढील गर्दीत उभे राहून त्यांनी रेडिओवरची बातमी ऐकिली, आणि रात्रीच्या रात्री बारा कोस चालत ती गावात आणिली. एवढीच गोष्ट, परंतु आमच्या गावाच्या मुक्तीचा दुसरा लेख कोठेही नाही. आबा दोन वर्षांनी वारले. कॅसेट माझ्या कपाटात राहिली.

२०२३ साली मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव झाला. आबांची धाकटी बहीण हयात होती. वय एक्याण्णव, दृष्टी बरी, परंतु श्रवण फार मंद. तिने नातवाच्या हाती निरोप पाठविला की, गुरुजींकडे आमच्या आबाचा आवाज आहे म्हणतात, तो मला एकदा ऐकवावा. कानाला लावावयाच्या लहान यंत्राने तिचे भागेना. तिला मोठा कर्णाच हवा होता. मी हो म्हटले, ध्वनिवर्धक काढला, धूळ पुसली आणि कळ दाबली. पंधरा मिनिटे तो उत्तम चालला. मग डाव्या कर्ण्यातून एक मोठा धक्का ऐकू आला, फ्यूज उडाला आणि जळका वास सुटला.

आता जे घडले ते मी कोणाचे नाव न घेता सांगतो, कारण दोष एकट्या कारागिराचा नाही, माझ्या उतावीळपणाचाही आहे. यंत्र दुरुस्तीस दिले. डावीकडचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले होते. ते बदलले. दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी पुन्हा जळाले. दुसऱ्या वेळी फ्यूज पुन्हा पुन्हा उडू नये म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळण्यात आली. श्रोतेहो, हा उपाय म्हणजे हाकाटी करणाऱ्या रामोश्याचे तोंड बांधण्यासारखा झाला. अर्ध्या तासात ट्रान्झिस्टर गेले, आणि ह्या खेपेस फ्यूज नसल्यामुळे पुरवठ्याचा सारा दाब सरळ कर्ण्यावर आला. कर्ण्याचे वेटोळे काळे ठिक्कर पडले. तिसऱ्या वेळी बाजारातून स्वस्त जोडी आणून बसविली, ती कळ दाबताक्षणी गेली. तीन जोड्या आणि एक कर्णा खर्ची पडला, आणि सतरा सप्टेंबर आठवड्यावर येऊन ठेपला.

तेव्हा मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तो जालन्यातील एका लोखंडाच्या कारखान्यात विद्युत् विभागात आहे. तो रविवारी घरी आला आणि त्याने प्रथम जे केले ते पाहून मला माझाच वर्ग आठवला. त्याने खुणेचा एक कागद मांडला आणि म्हणाला, "गुरुजी, जळालं ते शेवटी. आधी काय झालं ते लिहून काढू. तुम्हीच शिकवलंय, सनावळी आधी." मग तीन वेळच्या जळण्याची वेळ, परिस्थिती आणि लक्षणे त्याने मजकडून विचारून टिपून घेतली.

त्याच्या तपासाचा क्रम मी सांगतो, कारण तो कोणासही उपयोगी पडण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. यंत्राची पिन भिंतीतून काढल्यावरही त्यातील मोठ्या कपॅसिटरांत विजेचा साठा राहतो. तो एका अवरोधातून जिरू दिल्यावाचून त्याने आत हात घातला नाही. दुसरी गोष्ट, कर्णे सोडवून बाजूस ठेविले. आजाऱ्याची परीक्षा चालू असता निरोग्याचा बळी देऊ नये.

मग त्याने जळालेले ट्रान्झिस्टर डाक सोडवून बाहेर काढिले आणि मल्टिमीटरने तपासिले. धडधाकट सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर ह्या दोन पायांमध्ये एका दिशेने अर्धा ते पाऊण व्होल्ट दिसतो, उलट दिशेने वाट बंद असते; आणि कलेक्टर व एमिटर ह्यांमध्ये कोणत्याच दिशेने वाट नसते. आमच्या दोन्ही तुकड्यांत कलेक्टर-एमिटरची वाट सताड उघडी होती. दार फुटून पाट मोकळा झाला होता.

येथे बहुतेक जण थांबतात. तो थांबला नाही. फुटलेल्या दारातून पाणी कोठवर गेले ते तो पाहू लागला. जोडीच्या मागचा, तिला हुकूम देणारा ट्रान्झिस्टर, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तोही आतून फुटलेला निघाला. एमिटरशी जोडलेले पांढऱ्या चिनीमातीचे ०.३३ ओहमचे दोन अवरोध होते. त्यांपैकी एक वरून शुभ्र, परंतु आतून तुटलेला. तिसरी जोडी कळ दाबताच का गेली ह्याचा उलगडा येथे झाला. दुसऱ्या अपघातात ड्रायव्हर निकामी झाला होता, आणि तो पुढील जोडीस सतत 'पूर्ण उघड' असाच हुकूम देत राहिला होता. नवी जोडी चांगली की वाईट, हा प्रश्नच नव्हता. तिला मरणाच्या वाटेवरच उभे केले होते.

परंतु ह्याने तिसऱ्या अपघाताचेच कारण कळले. पहिला अपघात का झाला? माझा संशय विजेच्या दाबावर होता, कारण आमच्याकडे रात्री शेतीचे पंप बंद झाले की दाब चढतो असे सारे म्हणतात. त्याने त्या रात्री मोजून पाहिले; २३८ व्होल्ट भरले. त्या ध्वनिवर्धकास तेवढे सोसत होते. आरोपी निर्दोष सुटला. मग हीट सिंक पाहिले. ट्रान्झिस्टर आणि पत्रा ह्यांमध्ये अभ्रकाची पातळ चकती असते, तिच्या दोन्ही अंगांस उष्णता वाहून नेणारा लेप लावावा लागतो. छत्तीस वर्षांत तो लेप सुकून पापुद्रे झाला होता, आणि दुरुस्तीत नवा लाविलेला नव्हता. हे एक साहाय्यक कारण झाले. परंतु केवळ एवढ्याने पंधरा मिनिटांत, बेताच्या आवाजात, धडधाकट ट्रान्झिस्टर जाऊ नये.

शेवटी तो त्या नखाएवढ्या प्रीसेटपाशी आला. मल्टिमीटर लावून त्याने ते हलक्या हाताने फिरविले. काटा सावकाश चढू लागला आणि मध्येच एका जागी एकदम अनंतावर गेला. किंचित दाबले की पुन्हा जागेवर. आतील सरकती टाच गंजली होती. यंत्र थंड असता ती चिकटून राही. तापले की सुटे. आणि आमच्या यंत्राच्या रचनेत ते प्रीसेट अशा बाजूस जोडलेले होते की, त्याचा स्पर्श सुटला की लगाम खेचणारा लहान ट्रान्झिस्टर झोपी जावा, आणि करवतीच्या दोन्ही टोकांच्या गड्यांनी एकाच वेळी सर्व बळाने ओढावे. आवाज नाही, काम नाही, तरीही दोघांमधून प्रचंड प्रवाह. दोघे एकमेकांशी झुंजून जळाले. दोष दोघांचाही नव्हता.

दुरुस्तीचा क्रमही तितकाच सावध होता. जोडी, ड्रायव्हर, एमिटर अवरोध आणि प्रीसेट, सारे नवे. ट्रान्झिस्टर खात्रीच्या दुकानातून आणिले, कारण ह्या क्रमांकाच्या टोपीखाली लहान तुकडा दडवून विकणारे बनावट मालाचे व्यापारी अनेक आहेत. प्रीसेट मूळच्या जागी न बसविता त्याने जोडणी अशी बदलली की, पुन्हा कधी स्पर्श सुटलाच तर प्रवाह वाढण्याऐवजी कमी व्हावा. आवाज खरखरेल, पण जळणार काही नाही. ताजा लेप, नवे अभ्रक, आणि ट्रान्झिस्टरची टोपी व पत्रा ह्यांमध्ये विजेची वाट नाही ह्याची परीक्षा. योग्य मापाचा फ्यूज. मग त्याने यंत्र सरळ विजेस न जोडता मध्ये ६० वॅटचा जुना तारेचा दिवा घातला. ह्यास कारागीर सिरीज बल्ब म्हणतात. यंत्रात कोठे वाट फुटलेली असेल तर दिवा भगभगीत जळत राहतो आणि सारा ताप स्वतःवर घेतो. यंत्र निरोगी असेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो. आमचा दिवा चमकला आणि मंदावला. त्या क्षणी मला जे वाटले ते परीक्षेचा निकाल लागताना मॅट्रिकलाही वाटले नव्हते.

कर्ण्याच्या अग्रांवर स्थिर दाब मोजला, १८ मिलिव्होल्ट. पन्नासाच्या आत असला म्हणजे कर्ण्यास भय नाही. मग एमिटर अवरोधावर १० मिलिव्होल्ट दिसतील इतका हलका हात प्रीसेटने ठरविला, ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर. अर्धा तास यंत्र तसेच तापू दिले आणि पुन्हा मोजले. बाराच्या वर आकडा गेला नाही. लगाम धरला होता. मगच नवा कर्णा जोडला.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करीत बसलो. चाळीस वर्षे मी मुलांस लढायांची कारणे शिकविली. आमच्याच जिल्ह्यात असई हे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले ह्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला. शाळेत मुले चटकन उत्तर देत, 'मराठ्यांची फौज हरली.' परंतु त्या दिवशीचे आउटपुट ट्रान्झिस्टर कोण होते? शिंद्यांचे गोलंदाज आणि कवायती पलटणी. ते तोफांपाशी उभे राहिले आणि तोफांपाशीच पडले. वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली ती त्यांच्याच माऱ्याने. मग दोष कोठे होता? दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले रणातून निघून गेले. यशवंतराव होळकर त्या युद्धात उतरलेच नाहीत. शिंद्यांच्या चाकरीतील कित्येक इंग्रज अधिकारी युद्धाच्या तोंडावर चाकरी सोडून गेले. लगामाची टाच कोठे सुटली होती, ते रणांगणावर पडलेल्या देहांकडे पाहून कळत नाही. जो जळाला तो सर्वांस दिसतो. ज्याच्यामुळे जळाला तो मागे, नखाएवढा, शांत बसलेला असतो. केवळ जळालेला बदलून जो पुढे जातो, त्यास पुन्हा जळणे चुकत नाही. हे मी पुस्तकातून मुलांस सांगत आलो; परंतु तीन जोड्या जळेपर्यंत मला स्वतःस ते आचरता आले नाही, ही कबुली येथे दिली पाहिजे.

सतरा सप्टेंबरच्या सकाळी ध्वजवंदन झाल्यावर आम्ही ध्वनिवर्धक आजीबाईंच्या ओसरीवर नेला. कर्णा तिच्या बाजेपासून हातभर अंतरावर ठेविला. भोवती तिची नातवंडे, पतवंडे आणि शेजारची मंडळी. कॅसेट छत्तीस नव्हे तरी पस्तीस वर्षांची. मी तिला प्रथम पुढे-मागे फिरवून सैल करून घेतले आणि मग कळ दाबली. थोडी सरसर झाली, आणि आबा बोलू लागले. दुकान, गर्दी, न समजणारी उर्दू, शेजारच्या माणसाने समजावून दिलेला अर्थ, मग अंधारातील वाट. आजीबाई निश्चल बसल्या होत्या. त्यांस किती ऐकू येत आहे हे कळेना. मी आवाज आणखी वाढविला. आउटपुट ट्रान्झिस्टरांवर माझा हात होता. ते कोमट होते, एवढेच.

मग आबांचे शब्द आले, "घरी आलो तवा समदे निजले व्हते. धाकटीनं उठून पानी दिलं. पहिली बातमी तिलाच सांगितली म्या." आणि एवढे बोलून आबा खोकले.

आजीबाईंनी हात वर केला. मी यंत्र थांबविले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्यो खोकला पुन्यांदा लावा."

मी कॅसेट मागे घेतली आणि तेवढा भाग पुन्हा लाविला. त्यांनी तीन वेळा लावावयास सांगितले, मी तीन वेळा लाविला. नंतर त्या नातवाकडे वळून म्हणाल्या, "तांब्या कोरा व्हता. त्यानं समदा पेला." अठ्ठेचाळीस साली कोणी लिहून ठेविले नाही, अठ्ठ्याऐंशी साली मी विचारले नाही, असा तो तांब्या पंचाहत्तर वर्षांनी इतिहासात आला.

श्रोतेहो, त्या कॅसेटच्या आता मी तीन प्रती करून ठेविल्या आहेत, त्यांपैकी एक शाळेत आहे. आपल्या घरी, माळ्यावर, असा एखादा मुका झालेला ध्वनिवर्धक आणि असा एखादा आवाज पडलेला असेल तर माझी एवढीच विनंती की, यंत्र भंगारात घालण्यापूर्वी एकदा ते जाणत्या माणसास दाखवा, आणि जळालेला तुकडा बदलण्यापूर्वी त्यास एक प्रश्न अवश्य विचारा : हा जळाला खरा, पण कशामुळे?